अनाथ कोणास म्हणावे? : एका पाखराच्या निमित्ताने

गेल्या ज्येष्ठातील गोष्ट. मृगाच्या पहिल्या सरी येऊन आठवडा लोटला होता. सायंकाळची पोथी आटोपून मंडळी उठू लागली, तेव्हा गावातील एक वासनिक भगिनी पुढे येऊन बसल्या. दंडवत घालून म्हणाल्या, "बाबाजी, तुमच्या सांगण्यावरून ते पिलू मी परत नेऊन ठेवलं. तीन दिवस दिसत होतं. आज सकाळी दिसलं नाही. मांजरानं नेलं असेल तर दोष कुणाच्या माथी?" सभेतील चार-दोन माणसे हसली. प्रश्न हसण्याजोगा नव्हता, आणि त्या भगिनींनी तो सहज विचारलेला नव्हता हे त्यांच्या मुद्रेवरून दिसत होते. त्या वेळी मी जे उत्तर दिले त्याने माझेच समाधान झाले नाही. प्रस्तुत लेख त्या असमाधानातून लिहिला आहे.

मूळ हकीकत अशी. तीन दिवसांपूर्वी याच भगिनी आपल्या आठ-नऊ वर्षांच्या नातवासह आश्रमात आल्या होत्या. मुलाच्या हातात बुटाचे खोके, खोक्यात कापूस, आणि कापसावर बुलबुलाचे एक पिलू. अंगावर पिसे आलेली, शेपूट आखूड, डोळे टक्क उघडे. "सकाळपासून तुळशीच्या कट्ट्यापाशी पडून होतं. आई काही फिरकली नाही. बेवारस आहे बिचारं," असे त्या म्हणाल्या. मी विचारले, "तुम्ही सगळे त्या वेळी कोठे होता?" तेव्हा मुलानेच अभिमानाने सांगितले, "आम्ही तिथंच होतो बाबाजी, हललोच नाही. पहारा देत होतो."

या एका वाक्यात सगळा उलगडा होता. मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो. पिलू मेंदीच्या कुंपणात, जमिनीपासून हातभर उंच अशा दाट फांदीवर ठेवले आणि सर्वांना ओसरीच्या आत बसावयास सांगितले. अर्धा तास झाला असेल नसेल, दोन बुलबुल विजेच्या तारेवर आले. बराच वेळ त्यांची कलकल चालली. मग त्यांतील एक खाली उतरला. त्याच्या चोचीत काही हिरवे होते. ते पिलाच्या तोंडात गेलेले आम्ही सर्वांनी पाहिले. मुलगा ओरडणार होता; आजीने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

'बेवारस' हा शब्द त्या भगिनींनी कोणत्या प्रमाणाने वापरला होता? आई दिसली नाही, या प्रमाणाने. न्याय आणि मीमांसा शास्त्रांचा ज्यांना थोडाबहुत परिचय आहे त्यांस हा अनुपलब्धीचा विषय आहे हे लक्षात येईल. वस्तू दिसत नाही यावरून ती नाही, असे आपण नित्य ठरवितो, आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. चौरंगावर पोथी दिसत नाही, म्हणून तेथे पोथी नाही. परंतु शास्त्रकारांनी येथे एक अट घातली आहे. अनुपलब्धी 'योग्य' असली पाहिजे. म्हणजे ती वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत पोथी दिसली नाही म्हणून पोथी नाही असे कोणी म्हणणार नाही. आता विचार करावा: पाच माणसे पिलाभोवती कोंडाळे करून उभी असता त्याची आई असूनही दिसेल काय? ती असली तरी येणार नाही. जवळच्या झाडावर बसून चोचीतील घास तसाच धरून ती आपण जाण्याची वाट पाहील. तेव्हा तिचे न दिसणे हे तिच्या नसण्याचे प्रमाण होऊ शकत नाही. ते आपल्या असण्याचे प्रमाण आहे. त्या मुलाचा पहाराच त्या पिलाला पोरके करीत होता.

येथे पाखरांच्या जीवनक्रमाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण आपल्या मंडळींपैकी कित्येकांस ते ठाऊक नसते. मलाही पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. बुलबुल साधारणतः दोन-तीन अंडी घालतो. सुमारे चौदा दिवसांनी ती फुटतात, आणि पिले त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतबाहेर घरटे सोडतात. पंखांत पुरते बळ येण्याच्या आधीच ती सोडतात, हे महत्त्वाचे. पुढील काही दिवस ती झुडपांत, कुंपणात, प्रसंगी जमिनीवर उड्या मारीत असतात आणि आईबाप त्यांना जागोजाग शोधून भरवितात. दयाळ, साळुंकी, चिमणी यांचीही रीत थोड्याफार फरकाने अशीच. सातभाईंत तर एका पिलाला भरविण्यास सारा थवा झटतो. म्हणून पिसे आलेले, बोटावर ठेवल्यास बोट घट्ट धरणारे, डोळे उघडे असलेले पिलू जमिनीवर दिसले, तर ते बहुधा पडलेले नसते. ते शिकत असते. कुत्रे-मांजर वा वाहन यांचे भय असेल तर त्याला जवळच्या झुडपात उचलून ठेवावे आणि आपण दूर व्हावे, इतकेच आपले काम.

याउलट जे उघडेनागडे आहे, ज्याचे डोळे मिटलेले आहेत, ते खरोखर घरट्यातून पडलेले असते. घरटे सापडले तर त्याला परत त्यात ठेवणे हेच उत्तम. घरटे वादळाने मोडले असेल तर लहानशा टोपलीत वाळले गवत घालून, टोपलीला पाणी निथळण्यास छिद्रे ठेवून, ती त्याच झाडाला बांधावी. पुष्कळदा आईबाप त्या टोपलीतही येऊन भरवू लागतात. माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते, ही समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे. ती खरी नाही. या समजुतीनेही फार अनर्थ होतो, कारण 'आता शिवलोच आहोत, तर घरीच ठेवू' असे म्हणावयास ती निमित्त देते. टिटवीची गोष्ट आणखी निराळी. तिची पिले अंड्यातून निघाल्यावर लगेच चालू लागतात, आणि आईने धोक्याची हाक दिली की जमिनीला चिकटून निश्चल बसतात. नांगरटीच्या वेळी शेतकऱ्याला असे निश्चल पिलू सापडते. त्याला वाटते, हे आजारी आहे. वस्तुतः ते आईची आज्ञा पाळीत असते, आणि ती आई त्याच्याच डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असते.

आता पूर्वपक्ष मांडतो. तो मी एका तरुण साधकाच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो दुर्बळ नाही. तो म्हणतो: "आपला पंथ अहिंसेचा. स्वामी श्रीचक्रधरप्रभूंनी सशाला वाचविले ही लीळा आपण सर्व वारंवार सांगतो. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन लपला. पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी दिला नाही. तेव्हा स्वामी 'थांबा, पाहू या, याची आई कोठे आहे' असे म्हणत बसले काय? संकटात पडलेला जीव समोर आला असता दूर होऊन ओसरीत बसा, असे सांगणे हे त्या लीळेशी विसंगत नाही काय?"

या लीळेकडे पुन्हा एकदा नीट पाहिले पाहिजे. ससा आपणहून आला. त्याने स्वामींचा आश्रय घेतला, म्हणजे तो शरणागत होता. त्याचे संकट अनुमानाचे नव्हते. पारधी आणि कुत्री डोळ्यांसमोर उभी होती. आणि तिसरी गोष्ट, जी सांगताना आपण बहुधा गाळतो: पारधी निघून गेल्यावर स्वामींनी मांडी उचलून सशाला जाऊ दिले. त्याला ठेवून घेतले नाही. आश्रमात त्याच्यासाठी पिंजरा बांधला नाही. ज्या वाटेने तो आला त्या रानात तो परत गेला. मला असे वाटते की लीळेतील करुणेचे पूर्ण रूप रक्षण आणि सोडून देणे या दोन्ही क्रिया मिळून होते. आपण पहिली घेतो आणि दुसरीच्या ठिकाणी आपले ममत्व बसवितो.

बुलबुलाचे पिलू आपणाकडे आले नव्हते. त्याने तोंड उघडले ते आईसाठी. आपण वाकून पाहिले तेव्हा त्याने तोंड उघडले म्हणून ते आपणास मागत आहे असा आपला समज झाला. जो जीव आपल्याला भिऊन आक्रसला आहे त्याला शरणागत म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. यावर तो साधक म्हणाला, "बाबाजी, असहायता हीच त्याची शरणागती. मुक्या प्राण्याने आणखी कसे सांगावे?" हे त्याचे म्हणणे मी अर्धे मान्य करतो. ज्याचा पंख मोडला आहे, मांजाने ज्याचे अंग कापले आहे, मांजराच्या दाताने ज्याला जखम झाली आहे, त्याची असहायता बोलकी आहे, तेथे दूर बसून निरीक्षण करणे निर्दयपणा होईल. परंतु बाल्य ही असहायता असली तरी संकट नव्हे. मानवी बालकही वर्षभर असहायच असते. म्हणून रस्त्याने जाणारा कोणी त्याला उचलून घरी नेत नाही.

मी हे अधिकारवाणीने लिहीत आहे असे कोणास वाटू नये, म्हणून माझी स्वतःची एक चूक येथे नोंदवितो. 1987 सालचा उन्हाळा होता. मी अनुसरून नुकते वर्ष झाले होते. आश्रमामागील गोडनिंबाखाली मला असेच एक पिलू सापडले. मी त्याला खोलीत आणले. कापसाच्या बोळ्याने दूध पाजले. ते पिते असे वाटून दुसऱ्या दिवशी थेंबाथेंबाने पाणीही सोडले. पाखराच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते आणि असे सोडलेले पाणी सरळ तेथे उतरू शकते, हे मला माहीत नव्हते. दूध पाखराला पचत नाही, हेही माहीत नव्हते. त्या दोन दिवसांत मी नित्यविधी चुकविला, भिक्षेला उशिरा गेलो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पिलू दाखविले. सर्वांनी माझ्या दयाळूपणाची प्रशंसा केली. तिसऱ्या दिवशी पहाटे ते मेलेले आढळले. आमचे गुरुवर्य तेव्हा होते. ते रागावतील अशी माझी कल्पना होती. त्यांनी एवढेच विचारले, "त्याला दूध कोणी सांगितले होते?" मी म्हणालो, "मीच ठरवले." ते काही बोलले नाहीत, पोथी उघडून बसले. त्या दोन दिवसांत गोडनिंबावर एक पाखरू सतत ओरडत होते, हे मला त्यानंतर आठवले. मी ते ऐकले होते. त्याचा या पिलाशी संबंध जोडला नव्हता, कारण पिलू 'माझे' झाले होते.

ती प्रशंसा मला आज अधिक टोचते. पिलू वाचविण्याच्या इच्छेत, वाचविणारा म्हणून दिसण्याची इच्छा किती होती, हे मी आजही मोजू शकत नाही.

भागवताच्या पाचव्या स्कंधातील भरताची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. गंडकीच्या तीरी बसलेल्या राजर्षी भरताने प्रवाहात पडलेले हरिणाचे पाडस उचलले, त्याच्या मोहात गुंतला, अंतकाळी त्याचेच चिंतन राहिले आणि पुढचा जन्म हरिणाचा आला. या कथेवरून 'साधकाने प्राणिमात्रांच्या भानगडीत पडू नये' असा निष्कर्ष काढणारे काही निरूपणकार आहेत. मला तो निष्कर्ष चुकीचा वाटतो, आणि सोयीचाही. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेली गर्भिणी हरिणी उडी घेताना प्रसवली आणि मेली, पाडस प्रवाहात वाहू लागले, असा तेथे स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे भरताच्या पाडसाची आई खरोखर मेली होती, आणि पाडस खरोखर बुडत होते. त्याने ते बाहेर काढले यात दोष नाही. न काढता तो जपाला बसला असता तर मात्र त्याच्या जपाला काय अर्थ होता? दोष पुढच्या दिवसांत आहे. पाडसाला गवत घालणे, त्याला कुरवाळणे, ते दिसले नाही की व्याकुळ होणे, यांत त्याचे यमनियम एकेक करून सुटत गेले. भरताची कथा करुणेच्या विरुद्ध नाही; काठावर आणलेल्या पाडसाचे आपण मालक झालो असे मानण्याच्या विरुद्ध आहे. एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला सांगितलेल्या गुरूंपैकी कपोताची कथा याच जातीची आहे. पारध्याच्या जाळ्यात पिले सापडली, त्यांच्या मागे कपोती गेली, आणि अखेर कपोतही जाणूनबुजून त्या जाळ्यात पडला.

आता ज्या मुद्द्यावर मला सर्वांत अधिक विचार करावा लागला त्याकडे येतो. समजा आई खरोखर मेली आहे. डोळ्यांनी पाहिले आहे. पिलू उघडे आहे, दुसरे कोणी भरविणारे नाही. मग?

बुलबुल मोठेपणी फळे खातो, चिमणी दाणे टिपते. परंतु दोघेही आपल्या पिलांना वाढविताना अळ्या, टोळ, कोळी असे जीव भरवितात. दाण्यावर आणि फळावर ते पिलू नीट वाढत नाही. आणि एकदा-दोनदा नव्हे, पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत थोड्या थोड्या वेळाने भरवावे लागते. म्हणजे एक पिलू जगवावयाचे तर दिवसाकाठी कित्येक जीव आपल्या हाताने पकडून, चिरडून त्याच्या तोंडात घालावे लागतील. पाणी गाळून पिणारा, वाटेने चालताना पायाखाली पाहणारा आपला साधू हे कसे करणार? एका जिवावरील दया हीच अनेक जिवांची हिंसा होते. तो एक जीव आपल्याला दिसला, त्याला डोळे आहेत, तो चिवचिव करतो. आणि अळीला आवाज नाही. यापलीकडे या दोघांत तारतम्य करण्यास आपणापाशी कोणता आधार आहे? जीव म्हणून दोन्ही सारखेच बद्ध.

यावर कोणी म्हणेल, आई तरी हिंसाच करते. खरे, परंतु ती तिच्या योनीचा धर्म आचरते. तिच्यासमोर विधिनिषेध नाही. आपण ती क्रिया आपल्या हाती घेतली की ती आपल्या खात्यात येते. म्हणून पिलू आईकडे परत देणे हे केवळ पिलाच्या हिताचे नाही. आपल्या आचाराचे रक्षणही त्यातच आहे. अन्न आणण्याचे जे काम आपण निर्दोषपणे करू शकत नाही ते ज्याचे आहे त्याच्याकडे सोपविण्याचा तो मार्ग आहे.

पण आई मेलेली असेल तेव्हा हा मार्ग बंद होतो. तेथे दुसरा मार्ग म्हणजे जाणत्या माणसाकडे, वन विभागाकडे किंवा पशुवैद्याकडे ते पोचविणे. कायद्यानेही तेच उचित आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण ज्या पाखरांना आहे त्यांना पकडून घरी ठेवता येत नाही, हे आपल्या मंडळींनी लक्षात ठेवावे. पिंजऱ्यातील पोपट हा लाडाचा विषय नसून गुन्ह्याचा विषय आहे. तरीही माझी शंका फिटत नाही. तो जाणता मनुष्य त्या पिलाला अळ्याच घालणार. हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि मान्य केलेली, असे तिचे तीन प्रकार योगशास्त्रात सांगितले आहेत. मी ते पिलू त्याच्या हाती दिले तर दुसऱ्या प्रकाराचा भागी होत नाही काय? आणि न दिले तर त्या पिलाला उपासाने मरताना पाहणे हे कोणत्या प्रकारात बसते? विद्वानांनी यावर लिहावे. मी स्वतः ते पिलू पोचविणाऱ्यांपैकी आहे, पूर्ण समाधानाने नव्हे. एवढेच म्हणतो की 'त्याचे कर्म' हे दोन शब्द उच्चारून पाठ फिरविणारा मनुष्य माझ्यापेक्षा अधिक निर्दोष आहे असे मला वाटत नाही. स्वतःच्या दुःखाविषयी 'माझे कर्म' म्हणणे हा विवेक आहे. दुसऱ्याच्या दुःखाविषयी तेच म्हणणे बहुधा आळस असतो. त्या जिवाचे कर्म काय आहे हे आपणास कोठे दिसते? कदाचित त्याच्या कर्माने आपल्याला त्या वाटेवर आणले असेल.

आणि एक गोष्ट ओघात सांगितली पाहिजे, जरी ती काही वासनिकांस रुचणार नाही. एका पिलासाठी डोळ्यांत पाणी आणणारे आपण, ऐन विणीच्या दिवसांत अंगणातील मेंदी आणि मधुमालती छाटतो. कपाशीवर आठवड्याआड फवारणी करतो, आणि ज्या अळ्यांवर साऱ्या शिवारातील पिले वाढावयाची त्या नाहीशा करतो. संक्रांतीला मुलांच्या हाती नायलॉनचा मांजा देतो. त्यानंतर जे पाखरू पडते ते निसर्गक्रमाने पडलेले नसते. तेथे 'दूर व्हा, आई येईल' हे माझे सांगणे लागू नाही. ज्याला आपल्या हाताने पाडले त्याला उचलणे ही दया नसून ऋण फेडणे आहे.

हेच मला त्या भगिनींच्या मांजराविषयी म्हणावयाचे आहे. त्या दिवशी सभेत मी त्यांना उत्तर दिले ते असे: तुमचा हेतू शुद्ध होता, जे जाणणे शक्य होते ते जाणून तुम्ही वागलात, म्हणून दोष तुमचा नाही. उत्तर शास्त्राला धरून होते. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला एक प्रश्न सुचला, जो मी खोके पाहिले त्याच दिवशी विचारावयास हवा होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन तो विचारला. "ताई, ते मांजर कोणाचे?"

त्या म्हणाल्या, "आमचंच की बाबाजी. दोन्ही वेळा दूध घालते मी त्याला."

म्हणजे ते मांजर भुकेने शिकार करणारे रानातले जनावर नव्हते. पोट भरलेले, आपण पाळलेले आणि आपण मोकळे सोडलेले होते. त्याने पिलू नेले असेल तर ते निसर्गाने नेले असे म्हणता येणार नाही. पिलू कुंपणात ठेवा हे मी सांगितले ते बरोबर होते; मांजर आठ दिवस घरात कोंडून ठेवा हे सांगितले नाही, ही माझी चूक. जे जाणणे शक्य होते ते मी जाणून घेतले नव्हते. एक प्रश्न विचारला असता तर कळले असते. तेव्हा दोषाची वाटणी करावयाचीच असेल तर त्यातील एक भाग माझा आहे, हे मी त्यांच्यापाशी कबूल केले. त्या संकोचल्या. "असं कसं म्हणता बाबाजी," म्हणाल्या. पण मला तसे म्हणणे भाग होते. सभेत मी त्यांना निर्दोष ठरविताना स्वतःलाही न सांगता निर्दोष ठरवून घेतले होते.

त्याच वेळी मी त्यांना दुसरी गोष्टही सांगितली. पिलू दिसले नाही, म्हणून ते मेले, हेही त्याच जातीचे अनुमान आहे ज्याने त्याला आधी पोरके ठरविले होते. त्या वयाच्या पिलाला तीन दिवसांत कुंपणावरून झाडावर जाण्याइतके बळ येऊ शकते. कुंपणाखाली पिसे पडली होती का, रक्त होते का, असे मी विचारले. त्यांनी पाहिले नव्हते. मुलाने मात्र पाहिले होते. तो म्हणाला, "काहीच नव्हतं." तेवढ्यावरून ते जिवंत आहे असेही म्हणता येत नाही, मांजर भक्ष्य उचलून दूर नेते. आम्ही तिघे त्या कुंपणापाशी बराच वेळ उभे होतो. मग मीच म्हणालो, आपण येथून दूर झालेले बरे.

श्रावणात पुन्हा जाणे झाले. मेंदीत नवे घरटे होते. त्या भगिनींनी कपडे वाळविण्याची दोरी परसाच्या दुसऱ्या बाजूला नेली होती आणि मांजर पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत आतल्या खोलीत असे; त्याच्या ओरडण्याने सून वैतागली होती, असे त्यांनी हळूच सांगितले. नातू खिडकीशी बसून घरट्याकडे पाहत होता. खिडकीच्या पुढे जावयाचे नाही, असा नियम त्याने आपणहून केला होता. विजेच्या तारेवर तीन बुलबुल बसले होते. त्यांतील मधले तेच पिलू आहे, असे त्याने मला ठामपणे सांगितले. कशावरून, म्हणून विचारले तर म्हणाला, ते आमच्याकडे पाहतं. मी त्याला नाही म्हटले नाही. तसे म्हणण्यास माझ्यापाशीही काही प्रमाण नव्हते.